घरे घ्यावीत, बर्फ दुकानातच राहू द्यावा

डिसेंबर उजाडला की क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांत आणि वांद्र्याच्या हिल रोडवर नाताळच्या चांदण्या, घंटा आणि कापसाच्या दाढीचे सांताक्लॉज टांगले जातात. त्याच गर्दीत आतून उजळणाऱ्या चिमुकल्या घरांचे संचही मांडलेले दिसतात. यंदा आम्ही त्यांपैकी एक संच घरी आणला. पाच घरे, एक चर्च, काही झाडे, रस्त्यावरचे दिवे, बोटाच्या पेराएवढी माणसे आणि बर्फ म्हणून दिलेली कापसाची गादी व पांढऱ्या चुऱ्याची पिशवी असा सगळा ऐवज घासाघीस करून ३,२०० रुपयांना मिळाला. खोक्यावर चीनमध्ये बनवल्याचा उल्लेख आहे, उत्पादकाचे नाव मात्र कुठेही नाही. त्यामुळे हे परीक्षण एका विशिष्ट कंपनीच्या मालाचे नसून, मुंबईच्या बाजारात सर्रास दिसणाऱ्या या प्रकारच्या संचाचे आहे.

घरे पॉलिरेझिनची, म्हणजे साच्यात ओतून घडवलेल्या एका प्रकारच्या प्लॅस्टिकची आहेत आणि या किमतीच्या मानाने त्यांवरचे काम खरोखरच वाखाणण्यासारखे आहे. बेकरीच्या दर्शनी खिडकीत तांदळाच्या दाण्याएवढे पाव ओळीने मांडलेले आहेत आणि त्यांतील प्रत्येकावर सुरीची तिरपी चीरही कोरलेली आहे. उतरत्या छपरांवरचा पांढरा रंग वळचणीपाशी जाडसर ठेवल्यामुळे बर्फ खाली घसरत आल्याचा भास होतो. मागच्या भिंती मात्र सपाट आणि एकाच रंगाच्या आहेत. शोकेसमध्ये त्या दिसणार नाहीत, हे गृहीत धरूनच पैसे वाचवलेले दिसतात आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही.

अशा संचाचे खरे मोल त्याच्या उजेडात असते आणि इथे बरे-वाईट दोन्ही आहे. प्रत्येक घराच्या बुडाशी एक एलईडी असून सगळ्यांच्या बारीक वायरी एका छोट्या डबीत एकत्र येतात. चर्चच्या खिडक्यांमागे लावलेल्या रंगीत फिल्ममधून झिरपणारा तांबूस-निळा प्रकाश फारच सुरेख आहे. परंतु सहा इमारतींपैकी चार पिवळसर उजेडाच्या आणि दोन निळसर पांढऱ्या उजेडाच्या निघाल्यामुळे, अर्धे गाव शेकोटीपाशी बसले आहे आणि उरलेले दवाखान्यात उभे आहे, असे काहीसे दृश्य तयार झाले. आकाशकंदिलाला वापरतात तो पिवळा जिलेटीन कागद दुहेरी करून त्या दोन दिव्यांवर गुंडाळल्यावर ही विसंगती बरीचशी गेली. घराची भिंत आणि बूड यांच्यामधील फटीतून निसटणारी उजेडाची रेघ हा दुसरा दोष. ती दिसली की घर जमिनीवर उभे आहे असे वाटतच नाही, तरंगत असल्यासारखे वाटते. वायरमन वापरतात तशा काळ्या चिकटपट्टीचा एक वेढा आतल्या बाजूने दिला की काम भागते.

मांडणीची जागा हा मुद्दा दुकानदार कधी सांगत नाहीत, म्हणून तो इथे विस्ताराने सांगतो. दिवाणखान्यातील टीपॉयवर हे गाव मांडले, तर सोफ्यावरून फक्त छपरे दिसतात आणि ज्यासाठी पैसे मोजले त्या उजळलेल्या खिडक्या नजरेच्या खाली राहतात. म्हणून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर येईल असा शोकेसचा खण किंवा पुस्तकांच्या कपाटातील मोकळा केलेला कप्पा निवडावा आणि मागे गडद निळा घोटीव कागद लावावा. ट्यूबलाइट चालू असताना या दिव्यांचा प्रभाव शून्य होतो. कोपऱ्यातला एखादा मंद दिवा ठेवून बाकीचे दिवे मालवल्याशिवाय गाव जागे होत नाही. वन रूम किचनच्या घरात, जिथे त्याच खोलीत कुणी अभ्यास करत असते आणि कुणी भाजी निवडत असते, तिथे हे रोज जमणार नाही, याची खरेदीआधीच कल्पना असलेली बरी.

प्रमाणाच्या बाबतीत हा संच बेफिकीर आहे. पोस्टमन बेकरीच्या दारापेक्षा उंच आहे आणि बाकावर बसलेल्या आजीबाई उभ्या राहिल्या, तर त्यांचे डोके पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागेल. यावरचा उपाय दिवाळीत किल्ला केलेल्या कुणालाही ठाऊक असतो. मोठे मावळे पायथ्याशी, लहान बालेकिल्ल्यावर, हा नियम इथेही चालतो. मोठी माणसे अगदी पुढच्या कडेला आणि मोठ्या घरांपाशी ठेवावीत, लहान घरे मागे उंचावर न्यावीत आणि त्यांच्याजवळ माणूस ठेवूच नये, म्हणजे फूटभर खोलीच्या खणातही गाव लांबवर पसरल्यासारखे दिसते. चढ करण्यासाठी थर्माकोल शोधत बसू नये. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे आणि त्याची गरजही नाही. चपलांच्या खोक्यांवर चुरगळलेला खाकी कागद डिंकाने चिकटवला आणि वर जुने गोणपाट अंथरले, तर टेकडी अधिक खरी दिसते आणि वायरीही तिच्या पोटातून नेता येतात.

आता बर्फाविषयी. संचासोबत आलेली कापसाची गादी पहिल्या दिवशी झकास दिसते, यात शंका नाही. पण आपल्याकडचा हिवाळा म्हणजे दमट हवा, चोहीकडे चाललेल्या बांधकामांची धूळ आणि दुपारी फिरणारा पंखा. गादी बघता बघता करडी पडते आणि तिच्यातील धूळ झटकायला गेले की तंतू सुटून घरांच्या धुराड्यांना चिकटतात. प्लॅस्टिकच्या चुऱ्याची अवस्था त्याहून वाईट. डिसेंबरातही पंखा बंद ठेवणे या शहरात अवघडच असल्यामुळे तो चुरा दिवाणखान्यातून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत प्रवास करतो आणि घरात रांगते मूल असेल, तर तो कोणाच्या तोंडात जाईल याचा नेम नाही. पर्याय म्हणून मीठ सुचवले जाते, परंतु मुंबईच्या हवेत त्याला पाणी सुटते आणि रव्याला मुंग्या लागतात. आमच्याकडे टिकली ती शिरगोळ्याची पांढरी रांगोळी. ती जड असल्यामुळे मंद पंख्याला दाद देत नाही, दिव्याच्या उजेडात बारीक चमकते, आणि चिमटीतून सोडण्याचा सराव घरात कुणाला तरी असतोच, त्यामुळे पायवाट, छपराची कड आणि चर्चच्या पायऱ्या यांवर हवी तेवढीच पडते. मात्र ती वायरींच्या जोडांवर पडू देऊ नये आणि आवरताना फुंकर न मारता ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

ज्यांचे आप्त अमेरिकेत आहेत, त्यांच्याकडे कधी ना कधी तिथल्या नामांकित कंपनीचे चिनी मातीचे एखादे घर भेट म्हणून येते. या प्रथेचे मूळ तिथेच आहे. पेनसिल्व्हेनियातील मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाची कुटुंबे येशूजन्माच्या देखाव्याभोवती गावे आणि डोंगर रचत असत. पुढे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जपानमधून पुठ्ठ्याची घरे अमेरिकेत जाऊ लागली. त्यांना मागच्या बाजूने दिवा घालण्यासाठी भोक असे. आजच्या चिनी मातीच्या प्रकाशित घरांची लाट १९७६ साली मिनेसोटातील डिपार्टमेंट ५६ या कंपनीने सहा घरांची मालिका आणल्यापासून सुरू झाली. तिथे काही नमुन्यांचे उत्पादन ठरवून थांबवले जाते आणि मग संग्राहक ते जास्त भावाने घेतात. घडण पाहिली तर ही घरे आमच्या संचाच्या पुष्कळ वरच्या दर्जाची आहेत, कारण झिलईवर आतल्या दिव्याची ऊब उमटते आणि तशी ती पॉलिरेझिनवर कधीच येत नाही. अडचण आहे ती विजेची. अमेरिकेतील घरगुती वीज १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. फक्त पिन बदलणारा कन्व्हर्टर लावून असे घर चालू केले, तर बल्ब क्षणात उडतो आणि वायरही तापते. त्यासाठी व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर हवा, किंवा मूळ वायर बाजूला ठेवून आत सेलवर चालणारा पिवळा एलईडी बसवावा. दुसरा मार्ग स्वस्त आहे आणि कापूस वापरणारच असाल, तर अधिक सुरक्षितही.

आमच्या संचाची डबी दीड व्होल्टच्या तीन सेलांवर चालते. रोज संध्याकाळी दिवे लावले की सेल लवकर मान टाकतात. अडॅप्टरसाठी डबीला भोक आहे, पण अडॅप्टर खोक्यात नाही आणि दुकानदाराने त्याविषयी अवाक्षरही काढले नव्हते. मुंबईतील विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत, तो मिळतो. डबी सोबत न्यावी, ४.५ व्होल्टचाच मागावा आणि पिनेच्या आतली बाजू धन आहे की ऋण, हे डबीवरच्या खुणेशी ताडून पाहावे, कारण बारा व्होल्टचा हाती लागलेला अडॅप्टर जोडला तर सगळे गाव एका क्षणात अंधारात जाईल. दुकानात पैसे देण्यापूर्वी प्रत्येक घर पेटवून घेण्याचा आग्रह धरावा. आम्ही तो धरला म्हणून एक बंद घर तिथल्या तिथे बदलून मिळाले. गिऱ्हाइकांच्या रेट्यात दुकानदार कंटाळतो, पण नाही म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र मनात राहते. गणपतीची मखरे आणि हलते देखावे करणारे इतके कसबी हात याच शहरात असताना, गिरगावच्या खोताच्या वाडीतील लाकडी जिन्याचे घर किंवा कोकणातले कौलारू घर अशा आकारात कुणी का घडवू नये? बर्फाची कटकटच उरणार नाही, ओटीवरचा कंदील आणि तुळशीपुढची पणती एवढ्यावर सगळे भागेल, आणि गिऱ्हाईक नाताळापुरते न राहता दिवाळीपासूनच मिळेल. तसे घर बाजारात आले, तर याच्या दुप्पट किंमत मोजायला मी तयार आहे.

तोवर याच संचातील घरे आणि चर्च ठेवण्याजोगी आहेत. सुटी घरे देणारा दुकानदार भेटला तर तीनच घ्यावीत, त्यांत चर्च असावे, आणि झाडे, माणसे व बर्फ यांचे पैसे वाचवावेत. जानेवारीत आवरताना सेल काढून ठेवावेत, नाहीतर पावसाळ्यात ते पाझरून डबीतल्या पट्ट्या हिरव्या पडतात. घरे वर्तमानपत्रात गुंडाळून झाकणाच्या डब्यात भरावीत, आणि माळ्यावर टाकताना वर जड काही ठेवू नये, कारण धुराडी फार नाजूक आहेत.