निक्सचा सँडबॉक्स: काही महिन्यांच्या वापरानंतर

टर्मिनलवर नुसतं मेक मारलं की बिल्ड (सोर्सपासून प्रोग्राम बनवणं) निमूट होतं, तेच निक्स या पॅकेज मॅनेजरकडे दिलं की कोसळतं. काही महिने वापरून माझं मत झालंय की दोष बहुतेक वेळा त्या प्रोजेक्टच्या बिल्ड स्क्रिप्टचा असतो, निक्स तो उघडा पाडतं. पण उघडा पाडण्याची तऱ्हा वैतागवाणी आहे.

सँडबॉक्स म्हणजे बिल्डला बाकी सिस्टिमपासून तोडणारी बंदिस्त जागा. लिनक्सवर तो डिफॉल्टलाच चालू असतो. मॅकवर बंद, त्यामुळे सहकाऱ्याकडे झालेलं बिल्ड आपल्याकडे पडलं तर नवल नाही. आत नेटवर्क नसतं. होम म्हणून 'होमलेस-शेल्टर' नावाचा, अस्तित्वातच नसलेला फोल्डर दिलेला असतो (नाव सुचवणाऱ्याला दाद द्यावी). मग होममध्ये कॅशे लिहू पाहणारी किंवा मध्येच नेटवरून डिपेंडन्सी (लागणाऱ्या लायब्रऱ्या वगैरे) ओढायला जाणारी स्क्रिप्ट तिथेच आडवी होते.

सगळ्यात डोकं खातं ते 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. फाइल तर समोर दिसत असते! सापडत नसतो तो स्क्रिप्ट चालवणारा इंटरप्रीटर, कारण शेबँगमधला (स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत दिलेला) 'यूएसआर-बिन-एन्व्ह' सँडबॉक्समध्ये नाही. ती ओळ दुरुस्त करणारं निक्सचं पॅचशेबँग्स आपोआप चालतं ते शेवटी, तयार झालेल्या आउटपुटवर. सोर्समधल्या स्क्रिप्टसाठी ते बिल्डआधी स्वतः बोलवावं लागतं.

निक्स-शेलमध्ये (बिल्डची साधनं हाताशी देणाऱ्या निक्सच्या शेलमध्ये) बिल्ड पास झालं म्हणून खूश होऊ नका. ते शेल सँडबॉक्समध्ये नसतंच. त्याला 'प्युअर' हा पर्याय लावला तरी फक्त एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स साफ होतात. नेट आणि तुमच्या फाइल्स तशाच दिसत राहतात.

खरं काम बिल्ड कमांडचा 'कीप-फेल्ड' हा पर्याय करतो. पडलेल्या बिल्डचा फोल्डर तो जपून ठेवतो, आणि त्यात बिल्डच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची 'एन्व्ह-व्हार्स' नावाची फाइलही असते. ती शेलमध्ये सोर्स करा (म्हणजे लोड करा) आणि अडलेली कमांड हाताने चालवा. बिल्डआधी सिस्टिम तपासणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट पडली असेल तर स्क्रीनवरची एरर सोडून आधी 'कॉन्फिग डॉट लॉग' उघडा. तिथे मूळ कारण सापडतं.

कंपायलरही आपल्या सवयीचा नसतो. कंपायलरभोवतीचा निक्सचा रॅपर हार्डनिंगचे (सुरक्षा वाढवणारे) फ्लॅग जोडतो, त्यामुळे प्रिंटएफला थेट व्हेरिएबल दिल्यावर येणारी फॉरमॅट-सिक्युरिटीची वॉर्निंग थेट एरर बनते. ते हार्डनिंग बंद करता येतं, पण प्रिंटएफमध्ये एक '%s' घालून पॅच पाठवणं मला जास्त पटतं.

आणि बिल्ड कधी पास, कधी फेल होत असेल तर निक्सचा 'कोअर्स' पर्याय १ करून, म्हणजे कामं एकावेळी एकच चालवून पाहा. तेवढ्याने प्रश्न मिटला, तर मेकफाइलमध्ये कुठेतरी डिपेंडन्सी (कुठली पायरी कशानंतर हे) लिहायची राहिली असण्याची शक्यता दाट.