पिवळे चिकट सापळे: घेताना छटा बघा, लावताना किडीचा डोळा लक्षात ठेवा

बेळगावच्या कृषी सेवा केंद्रांत पिवळे आणि निळे चिकट सापळे आता सहज मिळतात. दोन्ही बाजूंना गोंद असलेला, ए-फोर आकाराचा एक पत्रा साधारण दहा ते पंधरा रुपयांना पडतो. कडोलीकडच्या कोबी-टोमॅटोवाल्यांपासून हुक्केरी पट्ट्यातल्या संकेश्वरी मिरचीवाल्यांपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच: यावर कीड खरंच येते का? येते. पण छटा किंवा जागा चुकली की तोच पत्रा रिकामा राहतो.

मावा म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड. तिच्या डोळ्यात हिरव्या, निळ्या आणि अतिनील प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या वेगवेगळ्या पेशी असतात. या पेशींचे संदेश मेंदूत नुसते जमा होत नाहीत, त्यांची वजाबाकी होते. हिरव्याचा संदेश उतरायला लावतो, निळ्या-अतिनीलचा अडवतो. कोवळं पान ५५० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश जास्त परतवतं. चांगला पिवळा पत्रा त्याच पट्ट्यातला प्रकाश पानाच्या कितीतरी पट परतवतो आणि निळा जवळजवळ शोषून घेतो. म्हणजे माव्याच्या हिशेबात पत्रा पानापेक्षाही भारी पान ठरतो. पांढऱ्या कागदावरून हिरवाही येतो आणि निळाही, म्हणून तो फिका पडतो. जर्मन संशोधक मोरिके यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच पाण्याने भरलेल्या पिवळ्या थाळ्यांत मावा पकडून दाखवला होता.

म्हणून विकत घेताना पाकिटातला एक पत्रा बाहेर उन्हात धरून बघा. लिंबासारखा लख्ख पिवळा हवा. नारिंगीकडे झुकलेला नको, सायीसारखा फिका तर अजिबात नको. गोंद पारदर्शक असावा. उन्हाने रंग विटला, लाल माती बसली किंवा पावसाने गोंद दुधाळ झाला, की गोंदाला चिकटपणा असला तरी पत्रा कामातून गेला. खानापूरकडच्या पावसात उघड्या रानावर सापळ्यांचा खर्च करूच नये. ऑक्टोबरनंतर लावावेत.

निळा की पिवळा, यात दुकानदार बहुधा ‘फुलकिड्यांना (थ्रिप्सना) निळा’ एवढंच सांगतात. ते अर्धंच खरं आहे. कांद्यावरचे फुलकिडे निळ्यावर चांगले येतात. मिरचीची पानं वर वळवणारे नेहमीचे फुलकिडे मात्र पिवळ्यावर जास्त सापडतात. २०२१ मध्ये कर्नाटक, आंध्र आणि तेलंगणात मिरचीच्या फुलांचं मोठं नुकसान करणाऱ्या नव्या फुलकिड्यासाठी पत्र्यावर विसंबू नका. फुलं पांढऱ्या कागदावर झटकून मोजा.

जागेची चूक सगळ्यात जास्त होते. पिकलेल्या फळांवर घोंघावणाऱ्या छोट्या ड्रॉसोफिला माशीच्या एका डोळ्यात सुमारे ७५० भिंगं असतात आणि प्रत्येक भिंग अंदाजे ५ अंशांचा तुकडा बघतं. तीन मीटरवर हा तुकडा पाव मीटरहून थोडा मोठा होतो, म्हणजे जवळजवळ अख्खा पत्रा एका ठिपक्यात मावतो. पांढऱ्या माशीची भिंगं तर याहूनही बरीच कमी. त्यामुळे बांधावर ओळीने दहा पत्रे टांगून रानाच्या मध्यातली माशी ओढली जाणार नाही. नुसतं लक्ष ठेवायचं तर एकरी ८ ते १०, पकडून संख्या कमी करायची तर २५ ते ३०, आणि तेही रानभर पसरून. खालची कडा शेंड्याच्या जरा वर असू द्या आणि पीक वाढेल तशी दोरी वर घ्या. एकाच टोकाला बांधलेला पत्रा वाऱ्यात फिरतो आणि पानांना चिकटतो, म्हणून दोन काठ्यांमध्ये वर-खाली ताणून बांधा.

आता मर्यादा. उडणारी प्रौढ कीडच सापडते. बिनपंखी मावा, पानाखालची पांढऱ्या माशीची पिल्लं आणि लाल कोळी पत्र्याजवळही येत नाहीत. नुकताच पंख फुटून उडालेला मावासुद्धा आधी आकाशातल्या अतिनील प्रकाशाकडे जातो, पिवळ्याला नंतर भुलतो. फळमाशीसाठी गंधाचा सापळा घ्यावा, तिथे रंगाचा पत्रा पुरत नाही.

निळ्या पत्र्याची एक गोष्ट खटकते, ती म्हणजे मधमाशी. तिच्या तीन प्रकारच्या पेशींपैकी एक ४३६ नॅनोमीटरच्या निळ्यालाच सर्वाधिक प्रतिसाद देते. काकडी, कलिंगड, भोपळा फुलोऱ्यात असताना निळे पत्रे काढूनच ठेवा. पिवळ्यावर मावा खाणारे ढालकिडे आणि किडींवर जगणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या अडकतात. मावा ओसरल्यावरही पत्रे तसेच ठेवले तर मित्रकीटकांचंच नुकसान होतं.

मिरचीला चंदेरी-काळं मल्चिंग (वाफ्यावर अंथरायचा प्लॅस्टिकचा कागद) घालणार असाल, तर चंदेरी बाजू वर ठेवा. खालून आभाळासारखा प्रकाश आला की मावा, फुलकिडे आणि पांढरी माशी कमी उतरतात. झाडांनी वाफा झाकेपर्यंतच हा फायदा मिळतो. या काळात चार पत्रे मोजणीला पुरतात.

आमच्या मते पिवळा पत्रा पैसे वसूल करतो, पण फवारणी कधी घ्यायची हे सांगणारं साधन म्हणून. चौकोन छापलेला घ्या, दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी दहापट भिंगाने तेच पाच चौकोन मोजा आणि आकडा वहीत लिहा. पिवळ्या रंगवलेल्या पत्र्याला एरंडेल लावलेला घरचा सापळाही चालतो, फक्त धुळीमुळे तो वरचेवर पुसून पुन्हा तेल लावावं लागतं. हाताला लागलेला गोंद खोबरेल तेलाने निघतो. वापरलेले प्लॅस्टिकचे पत्रे रानात जाळू नका.