खरेदीदारानं दाखवलेले ‘मागच्या विक्रीचे भाव’

जुन्या वस्तूचा भाव ठरवताना तशाच वस्तू मागे कितीला विकल्या गेल्या ते बघावं, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. ठगांनाही माहीत झालंय. पूर्वी ‘आता याला कोण विचारतं’ म्हणत भाव पाडायचे, आता पुरावा घेऊन येतात.

माझ्या मामांची रोलीफ्लेक्स २.८एफ मी एका साइटवर विकायला लावली होती. दोन भिंगांचा, वरून डोकावून बघायचा हा कॅमेरा जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या कारखान्यात १९६० पासून बनायचा. मामांनी जिवापाड जपलेला. जाहिरात लागली आणि त्याच दिवशी एकाचा मेसेज आला. भाषा अत्यंत नम्र. ‘दादा, मला घासाघीस करायचीच नाही. तुम्हीच बघा आणि तुम्हीच सांगा.’ सोबत पाच स्क्रीनशॉट, पाचही झालेल्या विक्रीचे, पाचही भाव मी लावलेल्या किमतीच्या निम्म्याच्याही खाली. वर म्हणतो, ‘यांच्या सरासरीपेक्षा थोडे जास्तच देतो, चांगली वस्तू आहे.’

खरी मेख ‘थोडे जास्त’मध्येच आहे. समोरचा पुरावा दाखवून वर चार पैसे जास्त देतोय म्हटल्यावर संशय घ्यायचा कुणावर?

पैसे पाठवण्याआधी त्यानं एकच गोष्ट मागितली: शटर १ सेकंदावर लावून सोडतानाचा व्हिडिओ, आवाजासकट. या जुन्या शटरमध्ये तेल सुकलं की आधी मंद वेग अडकतात, म्हणजे प्रश्न जाणकाराचा होता. ज्याला वस्तू खरंच पडेल भावाची वाटते तो एवढं खोलात विचारत नाही, हे मला आता पटलंय. मग नेहमीचं पालुपद: जाहिरात काढून टाका, साइटला कमिशन कशाला भरता, आजच उचलतो. पैसे आले, कॅमेरा गेला.

पुढे तोच कॅमेरा मला ईबे या परदेशी खरेदी-विक्रीच्या साइटवर दिसला. तोच म्हणजे तोच. नंबर तोच, आणि केसच्या पट्ट्याला मामांनी तांब्याच्या तारेचा घातलेला टाकाही फोटोत स्पष्ट. मला मिळाले त्याच्या चौपट. नुसते मागितलेले नव्हेत, तेवढ्याला विकला गेल्याची नोंद होती.

मग ते पाच स्क्रीनशॉट मोठे करून बघितले आणि फोटोवरून शोध लावून मूळ जाहिराती काढल्या. माणसानं मेहनत केली होती, हे मानावं लागेल. पहिला कॅमेरा रोलीफ्लेक्स नव्हताच, रोलीकॉर्ड होता. त्याच कंपनीचा, पण स्वस्तातला भाऊ. फिल्म पुढे सरकवायला २.८एफला दुमडणारा दांडा असतो, रोलीकॉर्डला गोल बटण. शीर्षकाचा शेवट कापला की लांबून दोन्ही सारखेच. दुसरा खरा होता, पण ‘सुट्या भागांसाठी, चालत नाही’ या वर्गात विकलेला. खालच्या भिंगात बुरशी आणि शटर बंद, आणि स्थितीची नेमकी तीच ओळ स्क्रीनशॉटच्या बाहेर. तिसऱ्याच्या भिंगाच्या कडेवर १:३.५ कोरलेलं वाचता येत होतं, २.८एफवर १:२.८ असतं, म्हणजे मॉडेलच वेगळं. चौथा तंतोतंत माझ्यासारखा, फक्त तो विकला गेलाच नव्हता. लिलावात मालकाची राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचं नाही ती, आली नाही आणि वस्तू परत गेली. अडलेली ती शेवटची बोली ‘विक्रीचा भाव’ म्हणून माझ्यासमोर ठेवली होती. आणि पाचवा? त्यात कॅमेराच नव्हता. रिकामी चामडी केस होती, झाकण लावलेली. हे बघून मला संतापाआधी हसूच आलं.

पाचांपैकी एकही आकडा खोटा नव्हता. म्हणूनच हा प्रकार पकडायला अवघड जातो.

कुणी असे आकडे दाखवले तर स्क्रीनशॉट नको, जाहिरातीची लिंक मागा. लिंक द्यायला टाळाटाळ झाली की समजायचं ते समजा. आणि स्वतः बघताना ईबेवर ‘सोल्ड आयटम्स’ची खूण लावून बघा. ‘कम्प्लीटेड’मध्ये मुदत संपलेल्या पण न विकलेल्या वस्तूही येतात. तिथे विकलेल्याची किंमत हिरव्या अक्षरांत दिसते, न विकलेल्याची काळ्या. माझ्याकडच्या चौथ्या चित्रातली काळी होती. ही यादी साधारण मागच्या ९० दिवसांचीच असते. दुर्मीळ वस्तू तेवढ्यात एकदाही विकली गेलेली नसेल, तर ईबेच्याच विक्रेत्यांसाठीच्या टेरापीक या सोयीत बरंच मागचं सापडतं. किमतीवर काट मारलेली दिसली तर सौदा त्याहून कमी ऑफरवर झाला, आणि खरा आकडा त्या यादीत दिसत नाही.

उलटी फसवणूकही चालते. आपलीच वस्तू आपल्याच दुसऱ्या खात्यानं चढ्या भावात ‘विकत’ घ्यायची, की यादीत एक उंच आकडा बसतो. पुढच्या गिऱ्हाईकाला तोच दाखवायचा. त्यामुळे सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा आकडा मी आता धरतच नाही, मधल्या गर्दीत बघतो.

मोठ्या लिलावगृहांच्या आकड्यांनी तर आणखी गोंधळ होतो. पॉल न्यूमन या अभिनेत्याचं स्वतःचं रोलेक्स डेटोना घड्याळ २०१७ मध्ये न्यूयॉर्कला फिलिप्सच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेलं, हे सगळीकडे छापून आलं. पण हातोडा पडला, म्हणजे शेवटची बोली लागली, ती १ कोटी ५५ लाखांवर, वरचा फरक लिलावगृहानं खरेदीदाराकडून घेतलेल्या प्रीमियमचा, म्हणजे शुल्काचा. क्रिस्टीज, सदबीज जे निकाल जाहीर करतात तेही प्रीमियम धरूनच. विकणाऱ्याच्या हातात हातोड्याची किंमत येते, तीही त्याचं कमिशन कापून. आणि ते घड्याळ त्या माणसाच्या मनगटावरचं होतं म्हणून तिथवर गेलं. तसंच मॉडेल घरात निघालं म्हणून कुणी तो आकडा डोक्यात धरू नये.

मी साइटकडे तक्रार केली. उत्तर सरळ आलं: व्यवहार आमच्याबाहेर झाला, पैसे आमच्यामार्फत गेले नाहीत, भरपाईचा प्रश्न येत नाही. नियमानं त्यांचं बरोबरच आहे, आणि जाहिरात काढायला लावण्यामागे त्याचा हिशेबही हाच होता. आपणहून कबूल केलेल्या किमतीला विकलेली वस्तू परत मिळवणं जवळजवळ अशक्य. खातं मात्र त्यांनी बंद केलं, कारण मी मूळ जाहिराती आणि त्याचे कापलेले स्क्रीनशॉट शेजारीशेजारी लावून पाठवले होते. जुन्या पेनांची विक्री करणाऱ्या एका ओळखीच्याला नंतर असाच पाच चित्रांचा मेसेज आला, नाव वेगळं, ‘आजच उचलतो’ तेच. त्यानं पाचही लिंक मागितल्या. पुढे उत्तर आलं नाही, पेन अजून त्याच्याकडे आहे आणि किंमत त्यानं उतरवलेली नाही.