महिन्याच्या गोळ्या: गल्लीतलं मेडिकल, जनऔषधी की ऑनलाइन?

आईच्या रोजच्या गोळ्या सहा. बीपीची टेल्मिसार्टन, शुगरची मेटफॉर्मिन, कोलेस्टेरॉलची ॲटॉर्वास्टॅटिन, उठल्याउठल्या उपाशीपोटी थायरॉइडची, रात्री कॅल्शियम. शिवाय ॲसिडिटीची एक, ती कुणी आणि कधी सुरू केली हे आता कुणालाच आठवत नव्हतं. शुगरचे डॉक्टर बेळगावात, गुडघ्याचे कोल्हापुरात, डोळे दाखवायला मिरज. चंदगडकडं मावशीकडं चार दिवस राहून आली की तिथल्या डॉक्टरांची एखादी पट्टी पिशवीतून निघतेच.

आपल्याकडं सीमाभागात घरोघरी हेच आहे. चिठ्ठ्या दोन राज्यांतल्या, पोट एक. त्यामुळं 'औषधं कुठं स्वस्त मिळतात' एवढंच विचारून भागत नाही. सगळ्या चिठ्ठ्या एकदम बघणारा माणूस कुठल्या दुकानात भेटतो, हेही विचारावं लागतं. गेली तीन-चार वर्षं मी तिन्हीकडून औषधं घेतोय. सरसकट एकच दुकान चांगलं असं मला वाटत नाही. कुठली गोळी आहे त्यावर ठरतं.

दर

पैशात जनऔषधीचा हात कुणी धरत नाही. ही केंद्र सरकारची स्वस्त औषधांच्या दुकानांची योजना २००८ सालची, 'प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजना' हे नाव नंतरचं. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल ह्या नेहमीच्या गोळ्या तिथून घ्यायला लागल्यावर आमचं बिल निम्म्याच्या खाली आलं. औषध तेच असतं. पट्टीवर मोठ्या अक्षरात कंपनीनं ठेवलेलं नाव आणि त्याखाली बारीक अक्षरात खऱ्या औषधाचं नाव असतं, त्याला मेडिकलवाले 'सॉल्ट' म्हणतात. जनऔषधीच्या पट्टीवर फक्त हे बारीक नावच मोठं केलेलं असतं, इतकंच.

'जेनेरिक मेडिकल, ७० टक्के सूट' असे बोर्ड आता सगळीकडं दिसतात, ती दुकानं म्हणजे जनऔषधी नव्हे. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांवर छापील किंमतच फुगवलेली असते आणि सूट त्यातून दिली जाते. सूट किती टक्के ते विचारूच नका. एका गोळीला शेवटी किती पैसे पडले तेवढा भागाकार करा.

सिव्हिलमध्ये काही गोळ्या फुकट मिळतात. रांगेत अर्धा दिवस काढता येत असेल तर जरूर घ्या. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, तेव्हापासून बरेचजण विचारतात की त्यात गोळ्या बसतात काय. ती योजना दवाखान्यात दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे, महिन्याच्या गोळ्यांचा खर्च त्यातून निघत नाही.

जनऔषधीची अडचण वेगळीच. एक म्हणजे माल कधी असतो, कधी नसतो. सरकारी दवाखान्यांच्या आवारातली केंद्रं बंद करायचा आदेश कर्नाटक सरकारनं मे २०२५ मध्ये काढला आणि प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा जायच्या आधी केंद्र चालू आहे ना हे विचारून घ्यावं. दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. दर खेपेला गोळी वेगळ्या कारखान्याची येऊ शकते. ह्या महिन्यात गुलाबी, पुढच्या महिन्यात पांढरी. आपली म्हातारी माणसं गोळी रंगावरून ओळखतात, 'लाल ती बीपीची, लांबडी ती शुगरची'. रंग बदलला की सगळा हिशेब चुकतो. शेजारच्या काकूंनी जुन्या पट्टीतली ब्रँडची गोळी आणि जनऔषधीची नवी गोळी अशा दोन्ही आठवडाभर घेतल्या. दोन्ही टेल्मिसार्टनच होत्या. न्हाणीत चक्कर येऊन बसल्या तेव्हा कळलं. नवी पट्टी घरात आली की जुनी डब्यातून बाहेर काढायची, हा नियम आम्ही तेव्हापासून पाळतो. नावापुढचं अक्षरही बघा. टेल्मिसार्टनपुढं 'एएम' असेल तर आत ॲमलोडिपिन मिसळलेलं असतं, 'एच' असेल तर लघवी वाढवणारं औषध. नुसती ४० मिलिग्रॅमची आणि 'एच'वाली ४० ह्या एक नव्हेत.

थायरॉइडची गोळी मात्र मी जनऔषधीत बदलली नाही. तिची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, थोडा फरकही अंगावर उमटतो. एकदा जी कंपनी बसली तीच ठेवायची. बदलावीच लागली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्यायची. फिटसाठीची फेनिटॉइन आणि रक्त पातळ करणारी वॉर्फरिन ह्या दोन्हींचंही तसंच. ह्या गोळ्यांत दहा-वीस रुपये वाचवायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोण काय विचारतं

इथं गल्लीतलं मेडिकल जिंकतं, आणि इथंच ते हरतंही.

आमच्या मेडिकलवाल्या अण्णांना आईच्या सगळ्या गोळ्या तोंडपाठ आहेत. कोल्हापूरच्या चिठ्ठीत दुखण्याची गोळी बघितल्यावर त्यांनीच विचारलं, "आईंना बीपीची चालू हाय न्हवं? मग ही किती दिवस द्यायची म्हणालेत?" प्रश्न बरोबर होता. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक अशा गोळ्या बीपीच्या टेल्मिसार्टनसारख्या गोळीबरोबर जास्त दिवस घेतल्या तर किडनीवर ताण येतो, त्यात लघवीची गोळीही चालू असेल तर आणखीच. ऑनलाइनवर हे विचारणारं कुणी नसतं. जनऔषधीत फार्मासिस्ट असतो, पण त्याच्यासमोर बहुधा एकच चिठ्ठी येते, ती पण त्या दिवसाची.

आता दुसरी बाजू. सुगी संपली की ह्याच काउंटरवर 'अंगदुखीच्या दोन द्या, ताकदीची द्या' असं म्हणत रांग लागते, आणि गोळ्या सुट्या कापून दिल्या जातात. बॅच नंबर आणि एक्सपायरी पट्टीच्या ज्या टोकावर छापलेली असते ते टोक दुकानातच राहतं. सर्दीच्या, अंगदुखीच्या बऱ्याच मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं. त्यावर तापाची वेगळी गोळी घेतली की नकळत डोस दुप्पट होतो आणि लिव्हरवर येतो. पट्टीवर उभी लाल रेघ असलेली औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात. त्यातल्या 'एच१' ह्या सरकारी यादीतल्या औषधांची, बऱ्याच अँटिबायोटिकसकट, वेगळी नोंदवही दुकानदाराला ठेवावी लागते. ओळखीचा माणूस 'घ्या हो, काय होत नाही' म्हणून देतो तेव्हा तो आपल्यावर उपकार करत नसतो.

भाषेचा घोळ तर आपला खास. गेल्या वर्षी आईला व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची कॅप्सूल लिहून दिली होती, आठवड्याला एक. मेडिकलमधल्या नव्या मुलानं कागदी पुडीवर कन्नडमध्ये लिहिलं. आईला कन्नड वाचता येत नाही, म्हणून तिनं शेजारच्या पोराकडून वाचून घेतलं. तो बिचारा बरोबर वाचला, "वारक्के ओंदु." कन्नडमध्ये वार म्हणजे आठवडा. आपल्या मराठीत वार म्हणजे सोमवार, मंगळवार. आईनं अर्थ घेतला, दर वाराला एक. चार कॅप्सूलची पट्टी चार दिवसांत संपली. डॉक्टरांनी रक्तातलं कॅल्शियम तपासलं, ते ठीक निघालं, पुढची पट्टी बंद केली, निभावलं. पण ती पट्टी आठाची असती आणि मी त्या आठवड्यात गावाला असतो तर? चूक कुणाची म्हणाल? लिहिणारा बरोबर, वाचणारा बरोबर, ऐकणारीनं पण आपल्या भाषेत बरोबरच ऐकलं.

तेव्हापासून मी दुकानातच पुडीवर मराठीत लिहून घेतो, नाहीतर स्वतः लिहितो. 'आठवड्यातून एकदा, फक्त रविवारी.' जेवणाआधी की जेवणानंतर हेसुद्धा. 'ऊटक्के मुंचे' म्हणजे जेवणाआधी, 'ऊट आद मेले' म्हणजे जेवण झाल्यावर, एवढं कन्नड तरी घरातल्या एकाला यावं.

घरपोच

ऑनलाइनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बेळगाव शहरात, टिळकवाडी-शहापूरला, पार्सल वेळेवर येतं. पट्टी अख्खी येते, बिल व्यवस्थित असतं, सूटही बरी असते. जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळ्यात भरवसा नाही. इन्सुलिन मी कधीच मागवत नाही. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं, एप्रिलमध्ये ते पार्सल कुठल्या गोदामात किती तास पडून होतं हे आपल्याला कुणी सांगणार नाही. सगळ्यात धोक्याची वाटते ती दर महिन्याला आपोआप ऑर्डर जायची सोय. डॉक्टरांनी गोळी बंद केली तरी पार्सल येतच राहतं, आणि आलेली गोळी आपल्याकडं कुणी वाया घालवत नाही.

चिठ्ठीत नसतं ते

सप्लिमेंट ह्या तिन्ही ठिकाणी मिळतात, वर मोबाइलवरच्या जाहिरातीत आणि बाजारात. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न परवान्याचा, १४ आकडी नंबर असेल तर कायद्यानं ते अन्न आहे, औषध नव्हे. रोग बरा करतो असा दावा त्यावर करता येत नाही. डॉक्टरांना हे कुणी सांगत नाही, कारण 'ते काय औषध आहे होय?' असं आपण धरून चालतो.

आईच्याच डब्यातलं बघा. कॅल्शियम आणि लोह थायरॉइडच्या गोळीला आतड्यात अडवतात, म्हणून मध्ये चार तास जायला हवेत. आई दोन्ही सकाळी एकदम घ्यायची, कॅल्शियम रात्रीवर गेलं ते त्यामुळं. अश्वगंधानं थायरॉइडचं प्रमाण वर जाऊ शकतं, लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदीही आहेत. बीपीला चांगलं म्हणून मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन घेणाऱ्याचं, त्यातून किडनी कमजोर असेल तर, पोटॅशियम त्यानं वाढू शकतं. उलट बी१२चं काम खरं आहे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ कमी होतं, हातापायाला मुंग्या येतात. पण आधी तपासा, मग घ्या.

गुडघेदुखीची बिनलेबलची पुडी मात्र फुकट दिली तरी नको. दोन दिवसांत गुडघा मोकळा झाला, भूक वाढली, चेहरा गोल झाला, शुगर चढली, तर आत स्टेरॉइड असल्याचा संशय धरावा. आणि महिना-दोन महिने घेतली असेल तर घाबरून एकदम बंदही करू नये. पुडीसकट डॉक्टरांकडं जावं, कारण अचानक सोडल्यानंही माणूस आजारी पडतो.

तर आमची वाटणी अशी. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल जनऔषधीतून, तेही दोन महिन्यांचं एकदम, म्हणजे रंग वारंवार बदलत नाही. थायरॉइड आणि मध्येच उद्भवलेलं काहीही अण्णांच्या मेडिकलमधून, अख्खी पट्टी, बिलासकट. ऑनलाइन फक्त गावात मिळत नाही ते. एकट्या राहणाऱ्या, वाचता न येणाऱ्या माणसासाठी विचारत असाल तर जनऔषधीचे पैसे सोडा आणि सगळं एकाच मेडिकलमधून घ्या. गोळी घेतल्यावर पुरळ, सूज असं काही विचित्र झालं तर डॉक्टरांना सांगाच, शिवाय १८००-१८०-३०२४ ह्या फुकटच्या नंबरवर नोंद करता येते.

आणि एक कागद. सॉल्टचं नाव, किती, कधी, कुणी दिली, कधीपासून. सप्लिमेंट आणि काढेही त्यातच. तो आता कोल्हापूरलाही जातो आणि जनऔषधीच्या काउंटरवरही. पहिल्यांदा तो बेळगावच्या डॉक्टरांपुढं ठेवला तेव्हा त्यांनी मिनिटभर वाचला आणि ॲसिडिटीच्या गोळीवर पेन टेकवलं. "ही कुणी दिली?" आम्ही दोघं एकमेकांकडं बघत बसलो. एक दिवसाआड करत करत दोन-तीन आठवड्यांत ती थांबवली. पुढच्या कागदावर पाचच ओळी होत्या. आईनं तो हातात घेऊन वरपासून खालपर्यंत बघितला आणि म्हणाली, "मग आता लोणचं चालतंय काय, ते विचारलास काय?"