शंभर रुपयांत राज कपूर: दिग्दर्शक भरपूर, नट अर्धाच

राज कपूरच्या जन्मशताब्दीनिमित्त १३ ते १५ डिसेंबर २०२४ या तीन दिवसांत त्याचे दहा चित्रपट ४० शहरांतल्या १३५ चित्रपटगृहांत लागले. तिकीट होतं १०० रुपये. कपूरांची घरची निर्मितीसंस्था आर. के. फिल्म्स, फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा (एनएफडीसी) पुण्यातला राष्ट्रीय चित्रपट संग्रह यांनी मिळून केलेला हा उपक्रम. पैशांच्या बाजूने कुरकुरीला जागाच नव्हती, पॉपकॉर्नचा डबाही याहून महाग पडतो. फक्त एवढ्या स्वस्त तिकिटावर ॲपचं सुविधा शुल्क फार डोळ्यात यायचं. खिडकीवर जाऊन तिकीट काढलं की ते वाचायचं.

खरी तक्रार निवडीबद्दल आहे. 'आग' (१९४८), 'बरसात' (१९४९), 'आवारा' (१९५१), 'श्री ४२०' (१९५५), 'जागते रहो' (१९५६), 'जिस देश में गंगा बहती है' (१९६०), 'संगम' (१९६४), 'मेरा नाम जोकर' (१९७०), 'बॉबी' (१९७३) आणि 'राम तेरी गंगा मैली' (१९८५) हे ते दहा. सगळे घरच्या बॅनरचे. शेवटच्या दोनांत नायक म्हणून तो नाहीच, कॅमेऱ्यामागे आहे. 'जोकर'च्या पहिल्या भागात पडदा कोवळ्या ऋषी कपूरचा आहे. म्हणजे शोमॅन पाहायचा तर महोत्सव भरगच्च, पण नट पाहायचा तर ताट अर्धंच वाढलेलं. मेहबूब खानचा 'अंदाज' नाही, 'चोरी चोरी' नाही, 'फिर सुबह होगी' नाही. ज्या 'अनाडी'साठी (१९५९) त्याला फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला तोही नाही. आणि 'तीसरी कसम' (१९६६) नाही, ही चूक माफ करणं कठीण. बासू भट्टाचार्यांच्या त्या चित्रपटातला गाडीवान हिरामन म्हणजे टोपी, आखूड पँट आणि डोळे मिचकावणं असलं सगळं उतरवून ठेवलेला राज कपूर. बाहेरच्या निर्मात्यांचे हक्क गोळा करणं किचकट असतं हे मान्य, पण मग याला 'संपूर्ण कारकीर्द' म्हणू नये.

आता प्रिंटकडे. जुना चित्रपट रिस्टोर करायचा, म्हणजे मूळ रूपात आणायचा, तर शक्यतो मूळ कॅमेरा निगेटिव्ह (चित्रीकरणावेळी कॅमेऱ्यात असलेली फिल्म) शोधतात, ते धुऊन-सांधून एकेक फ्रेम स्कॅन करतात आणि मग धूळ, ओरखडे, चित्राचं थरथरणं, उजेडाची लुकलुक काढतात. साफसफाई अती झाली तर फिल्मचा मूळ दाणाही (चित्रातले बारीक कण) पुसला जातो आणि चेहरे मेणाचे दिसू लागतात. पारख करायची सोपी खूण म्हणजे नर्गिसचे मोकळे केस. बटा सुट्या दिसल्या तर काम नीट झालंय, एकसंध काळा गोळा दिसला तर हात जास्त फिरलाय. दुसरी गोष्ट, एक दृश्य विरघळून दुसरं उमटतं तिथे चित्र एकदम मऊ आणि खरखरीत होतं. तिथे प्रोजेक्टरला बोल लावू नका. त्या काळी असे जोड लॅबमध्ये डुप्लिकेट निगेटिव्हवर तयार होत, त्यामुळे तेवढा तुकडा मूळ फिल्मचा नसून तिच्या नकलेचा असतो. 'आवारा'च्या स्वप्नदृश्यात धूर आणि एकावर एक घेतलेली चित्रणं असल्याने हा फरक सर्वांत जास्त जाणवतो, आणि तरीही ते मोठ्या पडद्यावरच पाहावं. कलादिग्दर्शक एम. आर. आचरेकरांनी उभारलेल्या त्या पायऱ्यांची आणि पुतळ्यांची उंची टीव्हीवर कळतच नाही.

चुका होतात त्या बहुतेक चित्रपटगृहात. हे कृष्णधवल चित्रपट १.३७:१ या जवळपास चौकोनी चौकटीत घेतलेले आहेत. आजचा रुंद पडदा २.३९:१ चा. उंची तीच ठेवली तर चित्र पडद्याच्या रुंदीच्या ५७ टक्केच जागा घेतं: ४० फुटी पडद्यावर जेमतेम २३ फूट. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तर ते बरोबर आहे. पडदा भरलेला दिसला तर चित्र वरून-खालून कापलंय किंवा आडवं ताणलंय. नामावलीतच कळतं: वरची ओळ अर्धी गायब असेल तर लगेच उठून सांगा, दहा मिनिटांनी सांगून कुणी हलत नाही. चित्र लहान म्हणून जागाही बदलावी. मागच्या ऐसपैस खुर्च्यांचा मोह सोडून मधल्या रांगांच्या दोन-तीन रांगा पुढे, बरोबर मध्यावर बसा.

आवाज मोनो, म्हणजे एकाच वाटेने येणारा. तो पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधूनच यायला हवा. बाजूच्या भिंती गप्प असल्या तर काही बिघडलेलं नाही. उलट मुकेशचा आवाज मागून घुमायला लागला तर कुणीतरी यंत्रावर भलतं बटण दाबलंय. हल्लीचे चित्रपट फार कर्कश म्हणून बरीच चित्रपटगृहं आवाजाची पातळी ध्वनियंत्रावरच्या ७ या मानक खुणेऐवजी ५ च्या आसपास ठेवतात. जुन्या मोनो पट्टीवर मग संवाद पुटपुटल्यासारखे येतात. ही गोष्टही पहिल्या पाच मिनिटांतच सांगायची.

वेळेचं गणित अवघड होतं. दहाही मिळून तीस तासांच्या घरात जातात, तेव्हा तीन दिवसांत सगळं हा हट्ट चालणारा नव्हता. 'संगम' जवळपास चार तासांचा, 'जोकर' पूर्ण रूपात त्याहून लांब आणि दोघांनाही मुळात दोन मध्यंतरं. 'जोकर'ची कापलेली आवृत्ती तीन तासांच्या आसपासची आहे, म्हणून तो पुन्हा कुठे लागला तर तिकीट काढण्याआधी ॲपवर लांबी पाहावी. कापलेल्यात सर्कशीचा डामडौल उरतो, माणूस हरवतो.

निवडायचेच तर कोणते? 'आवारा' पहिला, यात वाद नाही. कोर्टात समोरासमोर पृथ्वीराज आणि राज, खरे बाप-लेक. सुरुवातीच्या न्यायाधीशाच्या खुर्चीत आजोबा बशेश्वरनाथ आणि लहानपणीचा राज म्हणून शशी कपूर. या खानदानी जमावात सर्वांत शांत काम लीला चिटणीसांचं आहे, आईच्या थकलेल्या चेहऱ्यावर छायाचित्रकार राधू करमाकरांनी टाकलेला उजेड पाहा. कथा-पटकथेत ख्वाजा अहमद अब्बास यांच्याबरोबर व्ही. पी. साठे आहेत, हे नाव आपल्याकडे फार क्वचित घेतलं जातं. नट म्हणून राज इथे शरीराने बोलतो: खांदे, चाल, चापट खाल्ल्यानंतर येणारं ते अर्धवट हसू.

'श्री ४२०' मध्ये त्याच धाटणीचं पात्र शहरात येतं आणि इथे चॅप्लिनची छाप जरा जास्तच गडद आहे. मेळ जुळतो तो ललिता पवारांच्या केळेवालीसमोर. ती खरीखुरी रस्त्यावरची बाई वाटते, म्हणून त्यालाही नखरे आवरते घ्यावे लागतात. छत्रीचं गाणं सगळ्यांना पाठ आहे, पण मोठ्या पडद्यावर पाहायचं ते गाण्याच्या शेवटी रेनकोट घालून जाणाऱ्या तीन पोरांकडे: राजचीच रणधीर, रितू आणि ऋषी.

तरी एकच तिकीट परवडत असेल तर 'जागते रहो'. शंभू मित्र आणि अमित मैत्र यांचं दिग्दर्शन, सलील चौधरींचं संगीत, १९५७ साली चेकोस्लोव्हाकियातल्या कार्लोव्ही व्हॅरी चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार. गावाहून आलेला तहानलेला माणूस घोटभर पाण्यासाठी रात्रभर एका इमारतीत दारोदार लपत फिरतो. शेवटाकडचा एक उद्रेक सोडला तर राजला बोलायला जवळपास काही नाही, सगळा भार डोळ्यांवर. घरच्या बॅनरमध्येही दुसऱ्याच्या हाती सूत्रं दिली की तो किती नेमका होतो, याचा हा पुरावा. 'जिस देश में'चंही तेच. दिग्दर्शक करमाकर, आणि अभिनयाचा दुसरा फिल्मफेअर त्याच चित्रपटाला.

'आग' अभ्यासूंसाठी. तेवीस वर्षांचा पोरगा दिग्दर्शन करतोय, अर्धा चेहरा जळालेला नायकही तोच, आणि छायाचित्रकार व्ही. एन. रेड्डींच्या काळ्याकुट्ट सावल्या कथेपेक्षा जास्त बोलतात. प्रोजेक्टरचा दिवा मंद असेल तर हा चित्रपट पाहूच नये, काळ्यात काळं मिसळून काही दिसत नाही. 'बरसात' गाण्यांसाठी. 'संगम'मध्ये रंग आले आणि चाळिशीला टेकलेल्या नायकाचं वयही आलं, स्पष्ट प्रिंटमध्ये मेकअपचा थर लपत नाही. पियानोवरचं गाणं संपलं की अभिनयाचा आवाज उगाच चढत जातो. 'बॉबी' आणि 'गंगा मैली' थिएटरात गर्दीसह मजेदार आहेत, पण नटाच्या हिशेबात धरू नयेत.

घरी पाहणाऱ्यांनी टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचं माप 'ओरिजिनल' किंवा ४:३ वर ठेवावं, 'झूम' आणि 'वाइड' दोन्ही बंद. हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद करावी, नाहीतर १९५१ चा राज मालिकेतल्या पात्रासारखा सरपटतो. आणि महोत्सवात नसलेला 'तीसरी कसम' मात्र स्वतःच शोधून पाहावा लागेल.