मंगळावरचा डोस काढायचाय: जिआंट-4 की एचझेडईटीआरएन?

मंगळावर अंतराळातून येणाऱ्या किरणोत्साराचा किती डोस बसेल, हे काढणारे हे दोन संगणकी कोड. दोन्ही मी वापरलेत आणि एकावर थोडा जीव आहे, हे आधीच सांगतो. जिआंट किरणांतला एकेक कण सोडून, त्याचं पुढे काय होईल यासाठी फासे टाकत जातो; ही मॉन्टे कार्लो पद्धत. नासाच्या लँग्ली केंद्रातला एचझेडईटीआरएन कणांच्या प्रवासाची समीकरणंच सोडवतो. मंगळावरच्या गेल विवरात क्युरिऑसिटी रोव्हरवरच्या रॅड या किरणोत्सार-मापकानं सुरुवातीच्या काळात दिवसाला 0.65 मिलिसिव्हर्टच्या आसपास डोस नोंदवला. त्याच्या जवळपास दोन्ही पोचतात, त्यामुळे निव्वळ त्या आकड्यावर निवड करू नका.

माझं घोडं अडलं ते पाण्यापाशी. मातीत पाणी 1 टक्का धरलं आणि 5 टक्के धरलं, तर डोस किती बदलतो, एवढंच बघायचं होतं. हायड्रोजन न्यूट्रॉनना मंद करतो, त्यामुळे जमिनीतून वर उसळणारे वेगवान न्यूट्रॉन कमी होतात. म्हणजे आकडा किंचित उतरायला हवा. जिआंटमध्ये तो चढला! फिजिक्स लिस्टमध्ये, म्हणजे कणांना कुठले नियम लावायचे त्या यादीत, एचपी (न्यूट्रॉनचा जास्त अचूक हिशेब) घालायचं मीच विसरलो होतो; 20 एमईव्ही ऊर्जेखालच्या न्यूट्रॉनसाठी ते हवंच. ते घातलं, लॅपटॉपचा पंखा रात्रभर घोंघावला आणि सकाळी आकडा उतरलेला दिसला. खूश झालो. मग सहज रँडम सीड (फासे जिथून सुरू होतात तो आकडा) बदलून तीच रन पुन्हा लावली, तर परत चढलेला. पाण्याचा परिणाम आणि फाशांची थरथर, दोन्ही एकाच मापाचे. थरथर निम्मी करायची तर कण चौपट हवेत, दहाव्या हिश्श्यावर आणायची तर शंभरपट. दोष मॉन्टे कार्लो पद्धतीचा, जिआंटचा नव्हे. पण रात्री माझ्याच गेल्या ना.

एचझेडईटीआरएनमध्ये रेघ गुळगुळीत येते. चहा होईपर्यंत माझी चार-पाच मिश्रणं तपासून होतात. जुन्या आवृत्तीत सगळे कण सरळ पुढेच जात, हे खरं. नंतर न्यूट्रॉनची जमिनीकडून वर येणारी उलटी वाटही त्यात आली.

अर्थात लाव्हा ट्यूब (लाव्हानं बनलेलं भुयार) किंवा रोव्हरचा सांगाडा असली वेडीवाकडी भूमिती असेल, किंवा हाताशी क्लस्टर (एकत्र जोडलेले अनेक संगणक) असेल, तर जिआंटच घ्या. सोर्स उघडा आहे, एकेका कणाचा माग काढता येतो. मी मात्र हवेचा दाब, माती, पाणी यांची सगळी उलटापालट एचझेडईटीआरएनमध्ये करतो आणि टोकाचे दोनच बिंदू शुक्रवारी रात्री जिआंटला लावून घरी जातो.