दादाचा निरोप आणायला गेलो आणि फसलो

दादा अचानक गेला. हृदयविकाराचा झटका आला आणि अर्ध्या तासात सगळं संपलं. त्या संध्याकाळी त्याचा मला फोन आला होता आणि मी तो घेतला नव्हता. मीटिंगमध्ये होते, नंतर करू म्हटलं. नंतर फोन आला तो वहिनीचा.

हे आधीच सांगते, कारण पुढची सगळी फसवणूक या एका न घेतलेल्या फोनवर उभी राहिली.

आठेक महिन्यांनी वहिनीला कुणीतरी एका बाईंबद्दल सांगितलं. गेलेल्या माणसांशी बोलणं करून देतात, पहिल्या बैठकीचे पैसे घेत नाहीत. सगळे त्यांना माई म्हणायचे. आम्ही दोघी शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या. मी तर अशा गोष्टी उडवून लावणारी. तरी गेले. वहिनी रात्र रात्र जागी असायची, तिला एकटीला कसं पाठवायचं, हे एक कारण. दुसरं कारण मी तेव्हा कुणालाच बोलले नाही. मला दादाची माफी मागायची होती.

माईंनी डोळे मिटले. ‘र’ दिसतंय म्हणाल्या, किंवा ‘न’. छातीपाशी काहीतरी जड झालं होतं का? घरात एखादं बंद पडलेलं घड्याळ आहे, ते त्याचं. वहिनी रडायलाच लागली, कारण दादाचं जुनं घड्याळ खरंच तिच्या कपाटात होतं. मग माई माझ्याकडे वळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “तो म्हणतोय, फोनचं मनाला लावून घेऊ नकोस.”

माझ्या अंगावर काटा आला. ही गोष्ट मी नवऱ्यालासुद्धा धड सांगितली नव्हती. मग या बाईंना कुठून कळली? त्या क्षणापासून मी त्यांची झाले.

पुढच्या बैठकींना पैसे लागायचे, रोख, पावती नाही. तिसऱ्या बैठकीत कळलं की दादा ‘अडकलाय’. सुटका व्हायची तर आणखी सात बैठका, आणि तोवर घरात कुणाला सांगायचं नाही, नाहीतर आतापर्यंतचं सगळं वाया. वहिनीने मुदत ठेव मोडली. मी माझी बचत दिली. पाचव्या बैठकीत माई म्हणाल्या, घरातलं कुणीतरी त्याला जाऊ देत नाहीये. वहिनीने त्याचा अर्थ मी असा घेतला, मी वहिनी असा. दोन आठवडे आम्ही एकमेकींशी नीट बोललो नाही. पैशांपेक्षा मला याचं दुःख जास्त आहे.

एका बैठकीत अक्षरांच्या तक्त्यावर वाटी उपडी ठेवली आणि वहिनीला तिच्यावर बोट टेकवायला सांगितलं. वाटी सरकली, दादा तिला लाडाने ज्या नावाने हाक मारायचा ते नाव जुळलं. “मी ढकलत नव्हते गं,” वहिनी शपथेवर सांगायची. ती खोटं बोलत नव्हती. शास्त्रज्ञ मायकेल फॅराडे यांनी 1853 मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. तेव्हा आत्म्यांच्या बैठकांत टेबलं आपोआप फिरायची. फॅराडेंनी हात आणि टेबल यांच्या मध्ये मऊ चिकट लेपाने जोडलेले पुठ्ठ्याचे थर ठेवले. टेबल आधी हललं असतं तर खालचा थर पुढे गेला असता. पुढे सरकलेले दिसले ते वरचे, हाताकडचे थर. म्हणजे माणसंच ढकलत होती आणि त्यांना ते जाणवत नव्हतं. सगळं उघड झाल्यावर आम्ही घरी करून पाहिलं. वहिनीचे डोळे बांधले आणि तिच्या नकळत तक्ता फिरवून ठेवला. वाटी तशीच आत्मविश्वासाने सरकत राहिली, पण एकही शब्द जुळला नाही.

उघड झालं ते माझ्या पुतण्यामुळे. पहिल्या दिवशी वहिनीने पर्समधल्या फोनवर रेकॉर्डिंग लावलं होतं. दादाचा निरोप पुन्हा पुन्हा ऐकता यावा, एवढाच हेतू. आयत्या वेळी विसरू नये म्हणून तिने ते आत जायच्या आधीच, बाहेर बसलो होतो तिथेच सुरू केलं होतं. आम्ही दोघींनी नेहमी बैठकीपासूनचाच भाग ऐकला. पोराने सुरुवातीपासून ऐकला आणि मला म्हणाला, “आत्या, हे जरा ऐक.”

बाहेरच्या खोलीत आमच्या शेजारी एक शाल पांघरलेली बाई बसली होती. आपला मुलगा गेला म्हणाली. कोणासाठी आलात, असं तिने मायेने विचारलं. आणि मी, माझ्याच आवाजात, तिला सांगत होते की भावाचा शेवटचा फोन मी घेतला नाही. ते लाडाचं नावही वहिनी तिथेच बोलून गेली होती. मग शालवाली “पाणी पिऊन येते” म्हणून उठली. चौदा मिनिटांचा भाग आहे तो. यातलं एक वाक्यही मला आठवत नव्हतं. त्या बाईला काही सांगितलंस का, असं कुणी विचारलं असतं तर मी छातीवर हात ठेवून नाही म्हटलं असतं.

आपली आठवण अशी दगा देते हे जुनं आहे. 1880 च्या दशकात इंग्लंडमध्ये एस. जे. डेव्ही नावाच्या माणसाने पाटीवर आत्मे लिहितात असं दाखवणाऱ्या बैठका घेतल्या. सगळी हातचलाखी होती. नंतर त्याने बसलेल्यांकडून आठवणी लिहून घेतल्या. चांगली, समंजस माणसं होती ती. पण नेमका जिथे हातचलाखीला वाव मिळाला तो भाग त्यांच्या लिखाणात गळलेला होता किंवा त्याचा क्रम बदललेला होता. मी तेच केलं. शालवाली गळली, माईंचं वाक्य राहिलं.

बैठकीचा भाग मग मी वही घेऊन ऐकला. माईंनी विधानं फारच थोडी केली होती, बाकी सगळे प्रश्न होते. ‘र किंवा न’ला वहिनीनेच आमच्या आजोबांचं नाव जोडलं होतं. “एखादी वर्दी घातलेली व्यक्ती” आणि “पाण्याजवळचं घर” हे दोन साफ चुकले होते, तेही आम्ही विसरलो होतो. बंद पडलेलं घड्याळ तर बहुतेक घरांत सापडतं. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी 1948 मध्ये आपल्या 39 विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं म्हणून स्वभाववर्णन दिलं. सगळ्यांना मजकूर एकच होता, राशीभविष्याच्या पुस्तकातून उचललेला. किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितल्यावर सरासरी 4.26 आली. आणि ते विद्यार्थी आमच्यासारखे शोकात नव्हते.

लोक विचारतात, शिकलेली माणसं कशी फसतात? आर्थर कॉनन डॉयल डॉक्टर होते, शेरलॉक होम्स त्यांनी घडवला, आणि आत्म्यांच्या बैठकांवर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास होता. 1922 मध्ये अटलांटिक सिटीत त्यांच्या पत्नीने जादूगार हूडिनीला त्याच्या आईचा संदेश लिहून दिला. पानांमागून पानं, सगळं इंग्रजीत, वर क्रूसाची खूण. हूडिनीची आई एका रब्बीची, म्हणजे ज्यू धर्मगुरूची बायको, आणि तिला इंग्रजी येत नव्हतं. हूडिनीचं आईवर जिवापाड प्रेम होतं, संदेश खरा असावा असं त्यालाही वाटत होतं. तरी त्याने तो स्वीकारला नाही, कारण हात कसे चालतात हे त्याला पोटापाण्यासाठी ठाऊक होतं. आम्हाला ते ठाऊक नव्हतं. शिक्षणाचा इथे फारसा उपयोग होत नाही. उलट हुशार माणूस अर्धवट खुणांना जोडून अर्थ लावण्यात जास्त तरबेज असतो.

कबुली मिळाली की लोक शुद्धीवर येतात, असंही नाही. ही सगळी लाट ज्यांच्यापासून सुरू झाली मानतात त्या फॉक्स बहिणींच्या घरात, न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिलला, 1848 मध्ये आत्म्याच्या टकटकीचे आवाज येऊ लागले. चाळीस वर्षांनी, 1888 मध्ये, मॅगी फॉक्सने भरल्या सभागृहात पायाच्या बोटाचा सांधा वाजवून तो आवाज कसा काढायचो ते दाखवलं. पंथ चालूच राहिला. पुढे तिने स्वतःच कबुली मागेही घेतली. म्हणून तुमच्या घरात कुणी अशा ठिकाणी जात असेल तर भांडून, पुरावे तोंडावर फेकून काही होणार नाही. त्यांच्याबरोबर बसून रेकॉर्डिंग ऐका. पोराने मला एक शब्द सुनावला नाही, फक्त ऐकवलं.

आणि गेलातच, तर बाहेर गप्प बसा. नोंदवहीत पूर्ण नाव, गेलेल्याचं नाव, तारीख लिहून देऊ नका. फुलं वाहिलेले फोटो आपणच सगळ्यांना दिसतील असे टाकलेले असतात, तेही लक्षात ठेवा. आत गेल्यावर हो-नाहीच्या पुढे बोलू नका. “घरी सांगू नका” हे वाक्य आलं की त्याच क्षणी उठा.

आम्ही माईंना जाब विचारला तेव्हा त्या चिडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, “तुमच्या शंकेमुळेच तो आता येत नाहीये.” वहिनी जिन्यात बसून रडली, कारण क्षणभर तिला ते खरं वाटलं. मलाही वाटलं.

पोलिसांत तक्रार दिली आहे. रोख पैशांचं काही हाती लागेल असं वाटत नाही. पण आमच्यानंतर आणखी दोन घरची माणसं पुढे आली, आणि त्या दोघांनाही शाल पांघरलेली, मुलगा गेलेली बाई भेटली होती. ते रेकॉर्डिंग वहिनी आता स्वतः लोकांना ऐकवते. आधी बाहेरची चौदा मिनिटं, मग माईंचा आवाज.